हेळव्याशी केलेला सौदा

धंद्याला पहिलं भांडवल कोणी दिलं, असं कोणी विचारलं तर मी खरं सांगतो: माझ्या तोंडानं. बोलण्यानं नव्हे, नुसत्या तोंडानं. बारीक डोळे, बसकं नाक, वर आलेली गालफडं आणि दाढी म्हणाल तर हनुवटीवर मोजून पाचपन्नास केस. अक्कलकोट रोडला माझं जुन्या मोटरपंपांचं दुकान आहे. शेतकरी मोटर विकायला येतात, मला बघतात आणि हिंदीत सुरू होतात. मग माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून आपापसात मराठीत ठरवतात, "वाइंडिंग जळाल्यालं सांगू नगंस. नेपाळी हाय त्यो, त्येला काय कळतंय." मी खाली मान घालून नटबोल्ट सोडवत राहतो. त्यांचा शेवटचा भाव ठरला की उठतो, हात पुसतो आणि म्हणतो, "पावनं, वाइंडिंगचा वास दारातनंच आलाय. आता खरं बोला."

त्या क्षणी समोरच्याचं जे तोंड होतं त्यावर माझं घर उभं आहे, खालचा मजला तरी.

एवढा नफा करून देणाऱ्या तोंडाबद्दल माणसानं तक्रार करू नये. पण मी करतो. रोज कोणीतरी विचारतं, "मूळ कुठले तुम्ही?" मी म्हणतो, सोलापूर. "तसं नाही हो, मूळ?" माढा तालुका. "नाही म्हणजे, त्याच्याही आधी?" या प्रश्नाचं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही हे कळल्यावर मी गिऱ्हाईक बघून उत्तर द्यायला लागलो. उधारी मागणाऱ्याला मी चीनचा असतो. साहेब लोकांना दार्जिलिंगचा. करोनाच्या दिवसांत भाजी मंडईत माझ्यासाठी रांग आपोआप दुभंगायची, तेव्हा मी कोणाचा आहे हे लोकांनीच ठरवलं होतं, आणि भाजी लवकर मिळत असल्यानं मीही दुरुस्ती केली नाही.

खरं उत्तर लांब नाही. माझे वडील मिलिटरीत ट्रक चालवायचे. शिलाँगच्या पुढे डोंगरात त्यांची छावणी होती आणि रस्त्याकडेला एका खासी बाईचं चहा-भाताचं दुकान होतं. त्या बाईची मुलगी म्हणजे माझी आई. वडिलांनी घरी कळवलं ते लग्नानंतर, तेही बायकोला घेऊन एसटीतून उतरल्यावर. घर म्हणजे उजनीच्या पाण्याकाठचं गाव, आणि घरचे कर्ते म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्यांनी आईला दारात बघितलं आणि म्हणाले, "हिला ना कूळ, ना मूळ." स्वागत तेवढंच. पाण्याचा तांब्या नंतर एका शेजारणीनं दिला.

वडील मिलिटरीतून सुटल्यावर आम्ही सोलापुरात राहिलो. वडील गेले तेव्हा मी दहावीत होतो. आई टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायची. तिथल्या बायका तेलुगू, वडील बोलायचे माढ्याचं, त्यामुळे आईच्या मराठीत माढा आणि साखर पेठ दोन्ही आहेत, आणि तिचं स्वतःचं गाव कुठंच नाही. मी तिला घरात मेई म्हणतो. तिच्या भाषेत मेई म्हणजे आई. गावाकडे गेल्यावर मला बजावलेलं असायचं, तिथं मेई म्हणायचं नाही.

आता मुद्द्याचं. माझी एक जुनी खुन्नस आहे, आणि ती पायलीभर ज्वारीची आहे.

हेळवी म्हणजे काय, हे हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. कर्नाटकाकडून येणारा हा माणूस. एकेका हेळव्याकडे गावोगावची ठरलेली घरं असतात. काही वर्षांनी एकदा तो सकाळी दारात उभा राहतो, घंटा वाजवतो आणि त्या घराची पिढी न् पिढी तोंडपाठ म्हणतो. मूळ गाव कोणतं, तिथून कोण उठून आलं, कोणाला किती लेक, कुठली मुलगी सून म्हणून आणली, आपली कुठं दिली. प्रत्येक नावाला घरातला थोरला "व्हय" म्हणून हुंकार देतो. नव्यानं जन्मलेल्या लेकराचं नाव पहिल्यांदा घेतलं की हेळव्याच्या पोत्यात एक पायली ज्वारी पडते. मग ते लेकरू घराचं झालं. तोवर ते नुसतंच जेवत असतं.

मी तिसरीत असेन. सुट्टीत गावाला गेलो आणि हेळवी आला. म्हातारा, मोठा फेटा, बरोबर बैल. तात्या ओट्यावर बसलेले. आम्ही सगळी भावंडं अंगणात ओळीनं उभी. मी आंघोळ करून, भांग पाडून, चुलतभावाच्या शेजारी. एकेक नाव येत होतं, तात्या "व्हय" म्हणत होते, चुलती पायली ओतत होती. हेळवी माझ्या वडिलांपाशी आला. "धाकटं लेक मिलिटरीत." तात्या म्हणाले, "व्हय." हेळव्यानं विचारलं, "त्याची बायको, लेकरं?"

तात्या म्हणाले, "फुडं चला."

हेळवी पुढं चालला. शेजारच्या चुलतभावाच्या नावाची ज्वारी पोत्यात पडली तिचा आवाज मला अजून येतो. वडील संध्याकाळी म्हणाले, "पुढच्या खेपेला सांगू." आई गोठ्याजवळ भांडी घासत होती. ती मला एवढंच म्हणाली, "भूक लागली का?"

त्यानंतर मी आयुष्यात कुठल्याच सौद्यात समोरच्याला "पुढं चला" म्हणू दिलं नाही. लोक म्हणतात मी भांडकुदळ आहे. माझी बायको म्हणते मी तापलेली मोटर आहे, पाणी कमी आणि आवाज जास्त. ती साखर पेठेतल्या तेलुगू विणकरांची मुलगी. तिला यंत्रांचं कळतं.

तर यंदा फोन आला. तात्यांचा मुलगा, तोच शेजारी उभा असलेला.

"दादा, नवं घर बांधलंय. वास्तुशांत हाय, या की समदी. हेळवी बी येणार हाय त्याच दिवशी."

"बरं."

"आन येताना पाच एचपीची एक मोटर बगा की. जुनी चालंल. घरच्या भावात."

बघा, आम्ही घरचे नाही असं कोण म्हणतं? भावाचा प्रश्न आला की आम्ही सख्खे असतो.

पण फोन ठेवला आणि मला दुसरंच काहीतरी सुचलं. आई सत्तरीपार गेली. तात्या ऐंशीच्या पुढे. हेळवी पुन्हा येईल तेव्हा यातलं कोण असेल सांगता येत नाही. मी ठरवलं, या खेपेला त्या अंगणात, तात्यांच्या समोर, हेळव्याच्या तोंडून आईचं नाव ऐकायचं. माझं आणि पोरीचंही. त्यासाठी आग्रह, विनंती, रडारड यांतलं मला काही येत नाही. मला सौदा येतो.

म्हाताऱ्या हेळव्याचा मुलगा आता ती घरं सांभाळतो. बैल गेला, मोटरसायकल आली. घंटा तेवढी हँडलला बांधलेली. अक्कलकोटकडे पाहुण्यांत उतरला होता, त्याला मी दुकानात बोलावलं. चहा पाजला आणि काम सांगितलं.

"कूळ विकत मिळत न्हाई ओ मालक," तो म्हणाला.

"विकत कोण मागतंय? माझ्या बापाचं नाव तू म्हणतोसच की. त्याच्यापुढं जे गाळलंस ते जोडून दे."

"गाळलं ते मी न्हाई. तुमच्या तात्यांनी."

"तोंड तुझं होतं."

"माझ्या बापाचं होतं."

"मग वारसानं बापाचं कर्ज फेडावं."

तो हसला. हसताना त्याची नजर कोपऱ्यातल्या सबमर्सिबलवर गेली हे मी पाहिलं. धंद्यात नजर पकडायची असते, बोलणं नाही. विचारल्यावर सांगितलं, इंडीकडे त्याची लिंबाची बाग आहे, बोअरचं पाणी खाली गेलंय.

"ती पाचाची चालू हाय का ओ?"

"चालू आहे, पण ती पाचाची तुझ्यासाठी नाही. तीनाची बघ."

"तीनाचीनं लिंबं जगत न्हाईत."

"तीनाचीनं आमच्या तीन पिढ्या म्हणशील एवढं पाणी येतं."

अर्धा तास गेला. तो उठून दोनदा मोटरसायकलपर्यंत गेला, मी दोनदा पाठ फिरवली. दोघांनाही रीत माहीत होती. शेवटी तीनाची मोटर, बेअरिंग नवं टाकून, स्टार्टर त्याचा त्यानं बघायचा, असं ठरलं. काम झाल्यावर मोटर न्यायची. हातावर हात दिला. मग तो म्हणाला, "सांगा आता. आईचं माहेरचं कूळ कोणतं?"

मी म्हणालो, "शिलाँग."

"ते शहर झालं. कूळ?"

मी चहाचे कप उचलले.

"मूळ गाव? त्यांच्या आईबापाचं?"

मी ते विसळायला घेतले.

"सून म्हटली की माहेर लागतं, मालक. ते मोकळं ठेवून मला म्हणता येत न्हाई. माझी जीभ तिथं अडकते."

मोटर कोणत्या कारखान्याची, किती साली गुंडाळली, कोणत्या गावच्या विहिरीत होती, हे मी झाकण उघडून सांगतो. आईच्या कुळाचं नाव मला माहीत नव्हतं. तात्यांनी "ना कूळ ना मूळ" म्हटलेलं मला झोंबलं होतं, पण बहुधा मी ते खरंही धरलं होतं.

घरी जाऊन विचारलं. आई तांदूळ निवडत होती.

"मेई, तुझं कूळ कोणतं?"

तिनं मान वर न करता नाव सांगितलं. जणू मी भाजी काय आहे विचारलं होतं. मग तिच्या आईचं नाव, तिच्या आईचं, तिच्याही आईचं, अशा बऱ्याच बाया तिनं मागं मागं सांगितल्या, आणि शेवटी डोंगरातला एक झरा, जिथं सगळ्यांत पहिली बाई येऊन राहिली.

"आणि बाप?"

"बाप त्यांच्या त्यांच्या आईकडचे. आमच्यात लेकरू आईच्या कुळाचं असतंय. तू बी."

"मी बी काय?"

"तू माझ्या कुळाचा हायस. जन्मल्यापासनं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुमच्यात बी हाय ना? तू तिकडंच झालास. माझ्या मामानं नाव ठेवलं. भोपळ्याच्या तुंब्यातनं थेंब थेंब दारू सोडत्यात आणि एकेक नाव घेत्यात. ज्या नावाला थेंब पडता पडत न्हाई, लोंबकळून ऱ्हातो, ते नाव लेकराचं."

आई मला घरात ज्या नावानं हाक मारते ते मी आजवर लाडाचं नाव समजत होतो. शाळेत लाजेनं कधी सांगितलं नव्हतं. ते माझं पक्कं नाव निघालं.

ज्या दुकानापुढं मी चाळीस वर्षं उभा राहून आत घ्या म्हणून कुढत होतो, त्याच्या शेजारच्या दुकानात माझी मालकी होती, आणि कोणी मला सांगितलं नव्हतं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं न्हाईस. तू सारखं तिकडचंच विचारायचास."

मी खुशीत येऊन म्हणालो, "मग माझी पोरगीही तुझ्या कुळाची."

आई म्हणाली, "न्हाई. ती तिच्या आईच्या कुळाची."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "माझ्याकडं ढकलू नका. आमच्यात पोरगी बापाची असते. माझ्या बापाकडं सांगायला गेलं तर म्हणतील, जावयाचं नाव लावा."

म्हणजे हिशेब असा झाला. तात्यांच्या घरी माझी पोरगी नाही, कारण मीच नाही. आईच्या घरी मी आहे, पण पोरगी नाही. बायकोच्या घरी पोरगी नाही, कारण ती माझी. तीन दुकानं फिरलो आणि तिन्हीकडे माल शिल्लक नाही. कॉलेजला जाणारी, बिचाऱ्या बापाकडून रोज पेट्रोलला मागणारी, धडधाकट पोरगी कोणाच्याच खात्यात नव्हती.

माझा पारा चढला. "मग तू आणि तात्या यांच्यात फरक काय?" मी आईला म्हणालो. "त्यांनी मला पुढं चला म्हटलं, तू माझ्या पोरीला म्हणतेस."

"ऐकून तर घे, आमच्यात अजून एक..."

"ऐकलं. भरपूर ऐकलं." असं म्हणून मी बाहेर पडलो आणि दुकानात जाऊन एक चांगली मोटर विनाकारण उघडली. दुसऱ्या दिवशी हेळव्याला घरी आणून आईसमोर बसवलं, आणि तिनं सगळी नावं त्याला पुन्हा सांगितली.

वास्तुशांतीला आम्ही टेम्पोनं गेलो. मागं पाचाची मोटर, चुलतभावाची. पुढं मी आणि आई. बायकोला आणि पोरीला नेलं नाही. आधी सौदा पक्का होऊ दे म्हटलं. आई यायला तयार नव्हती. "मला कशाला? मला कुठं त्यांच्यात जायचंय?" मी म्हणालो, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी चल. मग आली. चांगली साडी नेसली आणि वाटेत टेंभुर्णीला शेंगा घेतल्या.

नवं घर गुलाबी रंगाचं, ओटा टाइल्सचा. तात्या प्लास्टिकच्या खुर्चीत. मी पाया पडलो, आईनं नुसते हात जोडले. सकाळचं ऊन अंगणात आलं होतं आणि हेळव्यानं मोटरसायकलवरची घंटा सोडून हातात घेतली.

त्यानं सुरुवात केली. नावं येत गेली, तात्या "व्हय, व्हय" म्हणत गेले. माझ्या वडिलांचं नाव आलं. "व्हय." मग हेळव्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आकाशाकडे बघितलं आणि एका दमात म्हणाला, "त्याची लक्ष्मी डोंगरमुलखातली, खासी जातीची, झऱ्यावरच्या मूळ आईच्या कुळातली," आणि आईचं नाव घेतलं. स्वच्छ, मोठ्यानं. तीन एचपीत एवढं स्पष्ट काम मी पाहिलं नव्हतं.

हेळवी थांबला. हुंकार हवा होता.

आणि तेव्हा मला कळलं की मी आयुष्यातला सर्वांत मूर्ख सौदा केला होता. माल ज्याच्याकडे असतो त्याच्याशी बोलायचं, हा धंद्यातला पहिला धडा. हेळव्याकडे होतं तोंड. हुंकार तात्यांकडे होता. मी मोटर दिली होती दलालाला.

तात्या म्हणाले, "फुडं चला."

तोच आवाज. खुर्ची तेवढी बदललेली.

"का म्हणून पुढं?" मी म्हणालो.

"आज नाव, उद्या बांध," तात्या म्हणाले. "मला काय कळत न्हाय व्हय? मोटरीचा धंदा करतूस तू. पानी कुटनं कुटं जातंय ते तुला ठावं. बापाचा वाटा मागाया आलायस, आईचं निमित्त करून."

म्हणजे इतकी वर्षं मी समजत होतो की माझे डोळे बारीक आहेत म्हणून मला गाळलं. तसं नव्हतं. पाण्याकाठी जमीन भिजायला लागली होती म्हणून गाळलं. डोळे सोयीचे पडले, एवढंच.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. वास्तुशांतीला आलेल्या भटजींनी होमाची लाकडं उगाच पुन्हा रचली. शेवटी मी म्हणालो, "तुमचा बांध तुम्हाला लखलाभ. त्या बांधावर माझ्या दुकानातला वॉशरही येणार नाही," आणि टेम्पोकडे वळलो. चुलतभाव मागून आला, "दादा, म्हाताऱ्याचं काय मनावर घेताय, मोटर तरी..."

"आता तिला बाहेरच्यांचा भाव लागेल," मी म्हणालो. "शोरूमला जा."

आई उठली नव्हती. ती तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तात्या, एक सांगायचं राहिलं होतं. तुमचा भाऊ आमच्याकडं आला तेव्हा माझ्या मामानं त्याला शेजारी बसवलं. पहिलं ताट त्याला वाढलं. कूळ विचारलं न्हाई. भूक लागली का विचारलं."

तात्या आपल्या चपलांकडे बघत होते. आई टेम्पोत येऊन बसली. मोडनिंबपर्यंत ती शेंगा सोलत होती आणि मी शिव्या देत होतो. मग ती म्हणाली, "झालं का? आता माझं ऐक. त्या दिवशी बोलू दिलं न्हाईस."

मी ऐकलं. आणि मोहोळ येईपर्यंत एकदाही मध्ये तोडलं नाही, ही माझ्या आयुष्यातली दुर्मिळ गोष्ट आहे.

आठवड्याभरानं हेळवी मोटर न्यायला घरी आला. मी दारातच सांगितलं, काम झालेलं नाही.

"मी म्हटलो की ओ मालक. सगळ्या गावानं ऐकलं. हुंकार मिळाला न्हाई त्याला मी काय करू?"

"मग मोटर मिळाली नाही त्याला मी काय करू?"

तो पायरीवर टेकला. विचार करून म्हणाला, "हुंकार घरच्या थोरल्यानं द्यायचा असतो. ते घर तुमच्या तात्यांचं. ह्या घरात थोरलं कोण हाय?"

आतून आई बाहेर आली होती.

एवढा साधा प्रश्न. मला सुचला नाही याचा अजून राग येतो.

खुर्ची आणली. आईला बसवलं. बायको पोळ्या टाकून कणकेच्या हातानं आली, पोरगी केस विंचरत. हेळव्यानं घंटा वाजवली तशी समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. त्यानं या वेळी माढा घेतलाच नाही. झऱ्यापासून सुरुवात केली. आईनं आदल्या खेपेला सांगितलेल्या सगळ्या बाया त्याच्या तोंडात बसल्या होत्या. हेळव्याचं पोर, एकदा ऐकलं की पक्कं. आई एकेका नावाला "व्हय" म्हणत होती. स्वतःच्या नावालाही म्हणाली. मग माझ्या वडिलांचं नाव आलं, "दूर देशीहून आलेला जावई" म्हणून. "व्हय," आई म्हणाली, जरा हळू. मग माझं आलं, तुंब्याच्या थेंबाचं. "व्हय."

मग तो अडला. "मालकांची बायको, लेकरं?"

पोरीचा कंगवा थांबला. तिला त्या तीन दुकानांचं सगळं माहीत होतं. आमच्या घरात मी भांडलेलं काही गुप्त राहत नाही. ती हसत होती, पण आजीकडे बघत होती.

आई हेळव्याला म्हणाली, "ही माझ्या कुळात येत न्हाईत. तो नियम मी केला न्हाई आणि मोडणार बी न्हाई. पण आमच्यात बाहेरची बाई घरात आली तर तिची लेकरं बिनकुळाची ठेवत न्हाईत. त्या बाईपासनं नवं कूळ धरत्यात. तीच पहिली आई. तिच्या लेकी, त्यांच्या लेकी, सगळ्या तिच्या नावानं." आणि माझ्या बायकोकडे बोट केलं. "हिच्यापासनं धर."

मोहोळच्या रस्त्यावर तिनं मला सांगितलेलं हेच. कोणी बाहेरची बाई दारात आली तर तिच्या डोंगरात तिला नवं कूळ देतात. आमच्याकडे पाण्याचा तांब्या शेजारीण देते.

बायको म्हणाली, "मी? मूळ आई? अगं बाई, माझ्या पोळ्या जळतायत."

"जळू देत," पोरगी म्हणाली. "आई, तुझा पुतळा उभारू आपण. अशोक चौकात."

"नवं कूळ धरायचं म्हणजे नवं घर झालं ओ," हेळवी म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "ह्या घराचा मान वेगळा. मोटर झाली जुन्या नावांची. नव्याला काय?"

"तीन मिनिटं उभा राहिलास आणि..." मी सुरू केलं.

"थांबा हो तुम्ही," बायको मला म्हणाली. "माझं कूळ आहे, मी बघते." मग हेळव्याला, "काय द्यायची रीत आहे?"

"नव्या नावाला पायलीभर ज्वारी, बाई. दोन नावं, तुमचं आणि लेकीचं. दोन पायल्या. शिगोशीग भरून."

"एक पायली. आई आणि लेक एकाच कुळातल्या ना? मग एकच माप."

"तसं नसतं बाई."

"कूळ माझं आहे की तुमचं?"

हेळव्यानं माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

त्यानं घंटा वाजवली. बायकोचं नाव घेतलं, साखर पेठेसकट. आई म्हणाली, "व्हय." मग पोरीचं घेतलं. आईनं हुंकार दिला नाही. बायकोकडे वळून म्हणाली, "आता तू. तुझ्या घराची थोरली तू."

बायकोनं कणकेचा हात पदराला पुसला. पोरीकडे बघितलं. तिला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली.

मी आतून ज्वारी आणली. पायली आमच्याकडे नव्हती, समोरच्यांकडून मागून आणली. इतकी वर्षं जिचा आवाज कानात होता ती ज्वारी मला माझ्या हातानं ओतायची होती, पण माप बायकोनं घेतलं. काठोकाठ भरलं, वर आलेली शीग तळहातानं कापून परत डब्यात टाकली आणि मग हेळव्याच्या पोत्यात रिकामं केलं.

"शीग राहिली की ओ बाई," हेळवी म्हणाला.

"ती पुढच्या पिढीला," बायको म्हणाली आणि पोळ्या बघायला आत गेली.